फुसका गोळा

इंदुताई खोब्रागडेच्या हातून फुसका गोळा जात नाही, असं कारखान्यात म्हणत. बल्लारपूरहून बसने ती तोफगोळ्यांच्या त्या खासगी कारखान्यात जायची. गोळा फोडणारा फ्यूज बसतो तिथले आटे गेजने तपासायचे; आटे खराब तर गोळा फुसका, त्याच्यावर लाल फुली मारायची. अकरा वर्षं हेच काम. एकदा फुली मारली की बाई कोणाच्या बापाचं ऐकत नसे.

तिचा मुलगा आयुष रशियाला गेला तो हेल्पर म्हणून. हेल्पर म्हणजे काय, हे बल्लारपूरसारख्या पेपरमिलच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाना द्यायचा, तेल घालायचं. परक्या लिपीतल्या कागदावर त्याने सही ठोकली आणि पंधराव्या दिवशी बंदूक देऊन त्याला लढाईवर धाडलं. त्याला तिकडे पाठवणाऱ्या मेल्या एजंटाचा फोन तेव्हापासून बंद.

पोराला परत आणा म्हणून इंदुताईने दिल्लीला परराष्ट्र खात्यात फोन लावले. तिकडचा साहेब गोड बोलायचा. "ताई, दोन्ही बाजूंशी आपले संबंध आहेत. कोणालाच दुखवून चालत नाही. बोलणी सुरू आहेत." पाच महिने नुसती बोलणीच सुरू होती.

रविवारी आयुषचा फोन आला.

"माय, काल गोळा बाजूलेच पडला. फुसका निघाला म्हनून वाचलो."

इंदुताई हसली, रडली. ज्या कोण्या आळशी बाईने तो गोळा पास केला असेल, तिचे पाय धरावेसे वाटले तिला.

सोमवारी तीस गोळ्यांच्या खेपेत तिसऱ्याच गोळ्याचे आटे खराब निघाले. फुलीसाठी उचललेला ब्रश तिने खाली ठेवला आणि सुपरवायझरला विचारलं, "भैयाजी, हा माल कुठी जाते?"

"कधी आपल्या फौजेले, कधी युरोपात. पुढं ते कोनाले देते, आपल्याले काय मालूम?"

"हा कोनाचा हाय?"

"मलेबी सांगत नाई, बाई. काऊन इचारता?"

तिने गेज पुन्हा आट्यांत फिरवून पाहिला. युरोपातून हा गोळा आयुषसमोरच्या शत्रूच्या तोफेत गेला तर? फुसकाच जाऊ दिला, तर पोर वाचेल. पण माल आपल्याच फौजेचा असला, तर बर्फात उभ्या असलेल्या दुसऱ्या कोण्या मायच्या लेकाची तोफ ऐन वेळी दगा देईल. हे पाप मोठं की ते, सांगणार कोण?

तिने लाल फुली मारली.

मग उरलेले सत्तावीस चांगले, हमखास फुटणारे गोळे तिने एकेक करून पास केले.