फाटक न उघडणारा शिकंदरतात्या

बारामती सोडताना रस्ता इतका गुळगुळीत होता की आमच्या एसटीलाही अवघडल्यासारखे झाले असावे. भवानीनगरजवळ उसाच्या ट्रॅक्टरांनी तिची अडचण दूर केली. लासुर्ण्यापर्यंत आम्ही एका ट्रॉलीमागून वरातीच्या चालीने गेलो. इंदापुरात जीप मिळाली आणि दुपारी उजनीच्या फुगवट्याकाठी (धरणाचे मागे पसरलेले पाणी) उतरलो. वेड्या बाभळी, पाणी, मच्छीमारांची वस्ती आणि एक दुकान: जाळी, दोर, बर्फ, बिस्किटे.

दुकानाचे मालक शिकंदरतात्या मुलाणी. पूर्वी एका साखर कारखान्याचे सुरक्षा अधिकारी. निवडणुकीत जुन्या चेअरमनचे पॅनेल पडले, तेव्हा सगळे पहारेकरी गुलालात न्हाऊन लगेच नव्या साहेबांचे झाले. तात्यांनी मात्र फाटक उघडायला नकार दिला.

"म्हनलं, आमच्या साहेबांचा हुकूम येऊ द्या," तात्या म्हणाले.

"मग, आला?"

"साहेबच आले. नव्या चेअरमनच्या गाडीत बसून."

तात्यांची नोकरी गेली. गावात त्यांच्या निष्ठेचे एवढे कौतुक झाले की त्यांच्याशी कोणी बोलेनासे झाले. तेव्हा ते बायकोला, जुबेदाभाभींना, घेऊन या ओसाड काठावर आले आणि मच्छीमारांना जाळ्याचा दोरा विकू लागले. आज दुकानाभोवती चांगली वस्ती आहे.

भाभींनी मला चिलापीचे (इथला मुबलक मासा) कालवण वाढले. दोन घास खातो तोच पांढरी गाडी थांबली. उतरले ते तेच जुने साहेब, आता तिसऱ्याच पक्षाचे उमेदवार. कालवणाला त्यांनी नाही म्हटले नाही.

"शिकंदर, तू आपला निष्ठावंत माणूस," साहेब बोटे चाटत म्हणाले. "वस्तीची मतं आपल्यालाच पाहिजेत."

चुलीपाशी बसलेल्या भाभी म्हणाल्या, "देऊ की साहेब. पर तुमी उद्याबी ह्याच पक्षात असणार न्हवं?"

साहेब मोठ्याने हसले आणि घाईने हात धुवायला उठले.

"न्हाय साहेब," तात्या हळूच म्हणाले. "आता आमी कुणाचंच फाटक राखत न्हाय."

गाडी निघाली, आणि तात्यांचा उजवा हात आपोआप कपाळाकडे गेला. कडक सलाम! भाभी बघतच राहिल्या.

"सवय हाय गं," ते ओशाळून म्हणाले. "हाताला अजून कळलं न्हाय."

परतीच्या एसटीतून चौकाचौकांत 'निष्ठावंत कार्यकर्त्यांचे' फ्लेक्स दिसत राहिले, त्यांवर दाटीवाटीने हसरे चेहरे. इतक्या निष्ठावंतांच्या मुलखात निष्ठेपायी नोकरी गेलेला मला एकच माणूस भेटला.