जात्यामागच्या बाईचा दहीभात

परवा पाण्याचा दिवस होता. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको... सकाळपासून घागरी, बादल्या, टाकी. सगळं भरून झालं की अंग मोडून येतं, मग मी पुस्तक घेऊन उंबऱ्यात बसते.

समोरच्या नरसम्मा मावशीही मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला येतात. वयाने माझ्याहून मोठ्या, पण मला अक्का म्हणतात. मी मोठ्याने वाचते, त्या ऐकतात.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं सगळं रद्दीच्या दुकानातून... हे कारखान्यातून येताना माझ्यासाठी जुनी पुस्तकं सुतळीने बांधून आणायचे. त्यांनी आणलेला शेवटचा गठ्ठा मला सोडवतच नव्हता. या उन्हाळ्यात सोडला. त्यात यहुदी लोकांचा जुना धर्मग्रंथ निघाला, मराठीत.

हे कोरोनात गेले. त्याच दिवसांत मावशींचा थोरला, श्रीनिवास, गेला. गल्ली बांबू लावून बंद होती. त्या आषाढात पोचम्मा देवीला, म्हणजे आपल्या मरीआईसारखीच ती, दहीभाताचा नैवेद्य न्यायचा मावशींचा राहून गेला. पुढच्याच महिन्यात मुलगा गेला... तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतलंय, की देवी आपल्यावर कोपली.

दर आषाढात नैवेद्य नेतात, गल्लीला प्रसाद वाटतात, स्वतः मात्र एक शीत तोंडात घालत नाहीत. तो आजार होता, सगळ्या जगाला झाला, हे मी कितीदा सांगितलं. त्या मान हलवतात आणि विडीला दोरा बांधतात.

तर परवा मी मिसर देशावरच्या दहा संकटांची गोष्ट काढली. राजाने परक्या लोकांना गुलाम करून विटा पाडायला लावलं होतं. त्यांना सोड, असं त्या लोकांच्या देवाचं म्हणणं. राजा म्हणाला, कोण हा देव, मी ओळखत नाही.

मग पहिलं संकट. नदीचं रक्त झालं. लोक नदीकाठी खड्डे खणून पाणी शोधू लागले.

"राजाच्या घरी टँकर गेला असंल की," मावशी म्हणाल्या.

पुढे बेडूक... अंथरुणात, चुलीत, पीठ मळायच्या परातीत. मावशी इतक्या हसल्या की सुपातली तंबाखू सांडली. राजा दर वेळी घाबरून हो म्हणायचा, आणि संकट सरलं की शब्द फिरवायचा. "आमचा विडी कारखान्याचा मालक असाच होता," मावशींनी सांगून टाकलं.

मला ही गोष्ट आवडायला लागली होती. देव गुलामांच्या बाजूने उभा राहतो. पुस्तकाच्या तळटिपांत लिहिलं होतं की नदी आणि सूर्य हे त्या लोकांचे देव होते. या खऱ्या देवापुढे ते काहीच नाहीत, हे या संकटांतून दाखवायचं होतं. म्हणजे हा कोप मुळात राजाच्या हट्टावर होता... मनात आलं, हे मावशींना नीट समजावून सांगावं.

पण शेवटचं संकट आलं आणि माझी जीभ अडखळली. मिसरच्या घरोघरचा थोरला मुलगा एका रात्रीत मेला... मी आधी वाचून बघायला हवं होतं.

"थांबला का, अक्का? वाचा की."

खोटं वाचवेना. सिंहासनावरच्या राजाच्या थोरल्यापासून जात्यामागे बसलेल्या दासीच्या थोरल्यापर्यंत सगळे गेले, तेवढं वाचून मी पुस्तक मिटलं.

मावशींचे हात थांबले होते.

"दासी म्हंजे ती बी गुलामच की. तिनं काय केलतं?"

"काही नाही."

"राजाच्या हट्टापायी तिचं लेकरू?"

"हो... ते मलाही पचत नाही, मावशी."

त्यांनी अर्धी वळलेली विडी सुपात ठेवली. मग हळूच विचारलं, "तिला कुणी सांगितलं का, तुज्यामुळं न्हाय म्हणून?"

मी पुस्तक उघडून पुढचं पान पाहिलं, त्याच्या पुढचं पाहिलं. त्या बाईबद्दल पुन्हा एक ओळसुद्धा नाही.

"नाही," मी म्हणाले. "कुणी नाही सांगितलं."

"मग तिला वाटलंच असंल की... आपलंच कायतरी चुकलं."

"वाटलं असेल. पण तिचं काही चुकलं नव्हतं, मावशी."

त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि सूप उचलून घरी गेल्या. मला रात्रभर रुखरुख लागली. कशाला वाचली ही गोष्ट...

आज त्या पोचम्माला नैवेद्य घेऊन गेल्या होत्या. दुपारी परतल्या त्या थेट माझ्या उंबऱ्यात. मडक्याला हळद, कडुलिंबाचे डहाळे, आत दहीभात. मला वाटीत वाढला. मग कडुलिंबाच्या पानांवर एक घास काढून बाहेरच्या बुटक्या भिंतीवर ठेवला.

"हा कुणाला, मावशी?"

"त्या जात्यावालीला."

नंतर मडक्यात उरलेला भात त्यांनी हातात घेतला. थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या... आणि खाल्ला. मी माझ्या वाटीकडे बघत बसले, त्यांच्याकडे बघायचं धाडस होईना. "मीठ कमी पडलं की," एवढंच म्हणाल्या.

देव असं का करतो, याचं उत्तर मला त्या पुस्तकात मिळालेलं नाही. मिळेल असंही वाटत नाही. पण ज्या माणसाने तो गठ्ठा सुतळीने बांधून घरी आणला, त्याला आज सांगावंसं वाटतं... अहो, तुमचं पुस्तक आज मावशींपर्यंत पोचलं.