बांगडीची रेघ

चाकावर बसण्याआधी हातातलं सगळं काढून खिडकीत ठेवायचं, हा आमच्या स्टुडिओतला पहिला नियम. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या. काच फुटून मातीत गेली तर पुढे मळताना ती कुणाच्या तळहातात घुसेल सांगता येत नाही, आणि माती आमची सगळ्यांची एकच असते. शेलूच्या नव्या बिल्डिंगांतून येणाऱ्या मुली मुकाट्याने काढतात. ती मात्र काढायची नाही.

"बाई, या नाय निघायच्या," असं तिने पहिल्याच शनिवारी सांगून टाकलं. मोहोपाड्याच्या कॉलनीत राहणारी, पन्नाशी ओलांडलेली, मनगटभर हिरव्या बांगड्या. "हे हायेत तोवर हातातच राहणार."

हे म्हणजे बाहेर पायरीवर पेपर वाचत बसलेला तिचा नवरा. कंपनीतून रिटायर झालेला. दर शनिवारी तिला स्कूटरवर घेऊन यायचा आणि दोन तास तिथेच बसायचा. आत या म्हटलं तर म्हणायचा, "नको बाई, तिची शिकवणी हाय. मी आलो तर नुसती हसत बसंल."

मी चिडले. मी चिडतेच. तीस वर्षं कर्जतला शाळेत चित्रकला शिकवली, तेव्हाही पोरं मला टरकून असायची. नवरा गेल्यावर घर खायला उठायचं म्हणून मी या चाकावर बसायला लागले. मातीचा गोळा चाकाच्या बरोबर मध्यावर आणायलाच मला आठ महिने लागले. रडत, स्वतःला शिव्या देत शिकले. आता मीच शिकवते, आणि मला वाटतं मी वाईट शिकवते, कारण माझ्याकडे धीर नाही.

ती भिंत वर ओढायला हात आत घालायची की बांगडी काठाला लागायची. काठाच्या आत, बोटभर खाली, एक बारीक रेघ उमटायची. "बघ, ही तुझ्या हट्टाची रेघ," मी म्हणायचे. "असू दे की बाई," ती म्हणायची, "माझं कुठलं ते ओळखता येईल." पाच शनिवार तिचं एकही भांडं टिकलं नाही. सगळी बसली. सहाव्या शनिवारी एक वाडगा उभा राहिला. एका अंगाला कललेला, बुडाला जड, पण उभा. तिने नवऱ्याला हाक मारून आत बोलावलं. तो चप्पल काढून आला, आणि तिने त्याला ती रेघ दाखवली. ओल्या मातीला हात लावू नका म्हणून मी दोघांनाही दटावलं. वाडगा सुकायला फळीवर ठेवला आणि ती दोघं गेली.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ग्रुपवर टाकलेले मेसेज तिच्यापर्यंत पोचत नव्हते. रजिस्टरमध्ये घरचा नंबर होता. मी फोन केला नाही. लोक हौसेने येतात, चार दिवस चिखल करतात आणि पसार होतात, असं मी दुसऱ्या एकीला ऐकवलंसुद्धा.

आमचा दुसरा नियम भिंतीवर लिहिलेला आहे. सहा आठवड्यांत न नेलेलं, न भाजलेलं भांडं बादलीत जातं. फळीवर जागा कमी, माणसं जास्त. सुकलेलं कच्चं भांडं पाण्यात टाकलं की बुडबुडे येतात आणि दहा मिनिटांत त्याचा चिखल होतो. बादली भरली की तो गाळून, सुकवून परत वापरायचा. सातव्या आठवड्यात मी तिचा वाडगा स्वतःच्या हाताने बादलीत टाकला. रागाने टाकला, हे मला लपवता येणार नाही. आपटून टाकला.

त्यानंतर दोन आठवड्यांनी स्कूटर दाराशी थांबली. तो एकटाच होता.

"बाई, तिचा वाडगा न्यायला आलो."

"त्या नाही आल्या?" मी विचारलं, तेही जरा टोमण्यानेच.

"ती गेली." मग त्याने सांगितलं, तो वाडगा केला त्याच्या दोनच दिवसांनी, सोमवारी. छातीत दुखतंय म्हणाली, दवाखान्यापर्यंतही पोचली नाही. "बांगड्यांसकट नेली. तिचं म्हणणं तेच होतं. तिच्या हातचं घरात आता काय नाय राहिलं बाई. लोणचं होतं, तेबी संपलं."

बादली माझ्या पायाशी होती. मला खरं बोलायला एक श्वास पुरला असता. "भट्टी लागायची आहे अजून," मी म्हणाले. "तीन आठवड्यांनी या."

तो हात जोडून गेला. मी दार लावून घेतलं आणि त्या बादलीशेजारी फतकल मारून बसले. आयुष्यात इतकी घाण मला स्वतःची कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी तिचा वाडगा करायला बसले. जमेना. गोळा मुद्दाम बाजूला ठेवला तरी हात आपोआप त्याला मध्यावर आणायचे. डोळे मिटून केला, डाव्या हाताने केला, चाक भलत्याच वेगाने सोडून केला. वेडावाकडा व्हायचा, पण चांगल्या हाताने मुद्दाम वाकडा केलेला आहे हे लगेच कळायचं. जे शिकायला मी आठ महिने रडले, ते विसरायला मला, सुकवण्या-भाजण्याचे दिवस सोडले तर, एक आठवडासुद्धा मिळत नव्हता. आणि रेघ तर येतच नव्हती. सुईने ओढली, तारेने ओढली. ती ओढलेलीच दिसायची.

शेवटी मी बाजारात कासाराच्या दुकानात गेले. कासारीण माझ्या कपाळाकडे बघून म्हणाली, "कुणाच्या मापाच्या देऊ?"

"माझ्या," मी म्हणाले. "हिरव्या."

माझा हात दाबून दाबून तिने एकेक बांगडी चढवली. कामाला घट्ट बऱ्या, म्हणाली. घरी येताना मी पदर हातावरून घेतला होता; नवरा गेल्यानंतरच्या बारा वर्षांत हातात पहिल्यांदाच बांगड्या होत्या.

बांगड्या घालून बसले आणि पहिल्याच खेपेला रेघ आली. हात अवघडून, अंग चोरून बसावं लागल्यामुळे वाडगाही कलला. तिच्यासारखा. मी तो सुकवला, भाजला, तिला आवडायचा तो निळा रंग दिला. भट्टीतून काढला तेव्हा मलाच तो खरा वाटायला लागला होता.

पण बांगड्या निघेनात. साबण लावला, तेल लावलं, बर्फाच्या पाण्यात हात धरला. फोडायला बत्ता उचलला आणि हात धजेना. मागच्या वेळी माझ्या बांगड्या दुसऱ्यांनी फोडल्या होत्या, दारातल्या पाटावर, आणि मला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी मी स्वतः फोडायच्या होत्या. नाही जमलं. लांब हातांचा ब्लाऊज घातला आणि शनिवारी त्याची वाट बघत बसले.

तो आला. मी वाडगा फळीवरून काढायला हात वर केला आणि बाही घसरली. बांगड्या वाजल्या.

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. मग वाडगा घेतला, काठाच्या आत बोट घातलं आणि रेघेवरून एकदा सावकाश फिरवलं. मग परत हाताकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं हे मला कळलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

वाडगा त्याने टेबलावर ठेवला, अगदी हळू. "तिचा कुठं हाय?"

मी बादलीकडे बोट दाखवलं. "मी टाकला," म्हणाले. "मला माहीत नव्हतं. पण मी फोनही केला नाही."

त्याने बादलीत वाकून पाहिलं. मग घड्याळ काढून खिडकीत ठेवलं, तिला सांगितलेला नियम पायरीवरून ऐकलेला असणार, शर्टाची बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात चिखलात घातला. तळापासून एक मूठ वर काढली.

"एखादी पिशवी हाय का?"

मी दिली. त्याने चिखल तीत घातला, गाठ मारली.

"यात असंल ना बाई ती? थोडी तरी?"

तिच्या वाडग्याची माती गाळून, सुकवून कधीच वापरली गेली होती. त्यानंतर ती बादली दोनदा रिकामी झाली होती आणि दोनदा दुसऱ्यांच्या मातीने भरली होती. एवढं एक खरं बोलायचं उरलं होतं.

"असेल," मी म्हणाले.

बाहेर स्कूटरच्या ज्या हुकाला ती आपली पर्स अडकवायची, त्याच हुकाला त्याने पिशवी अडकवली आणि स्कूटर सावकाश काढली, खड्डे चुकवत. बांगड्या अजून माझ्या हातात आहेत.