नॉमिनी

पेन्शनचं खातं कुठे उघडायचं, यावर स्मिता आणि मी सकाळपासून घोळ घालत होतो. दोघांच्याही नोकऱ्या खासगी, म्हातारपणाची सोय आपली आपणच करायची.

"ही कंपनी सगळ्यांत कमी शुल्क घेते," स्मिता म्हणाली.

मी उठून खिडकीशी गेलो. खाली बाकावर एक आजोबा संत्र्याची फोड सोलून, बिया काढून शेजारच्या आजींच्या तळहातावर ठेवत होते. आजी न बघताच हात पुढे करत होत्या. मला उगीचच अस्वस्थ वाटलं. शुल्क वाचेल, पैसे साठतील. पण तेव्हा आम्ही दोघं असू?

"नॉमिनी कोण?" स्मितानं विचारलं.

"तू."

"मग माझ्या खात्याला तू," असं म्हणून तिनं माझं नाव भरलं.

त्या दोन नावांपैकी एकच कधीतरी लागणार होतं.