पाण्यावरची झोप

सासूबाईंचं लांबलेलं आजारपण संपलं, दिवसकार्य झालं, पाहुणेही गेले. मग हे म्हणाले, "चल, जरा कुठेतरी जाऊन येऊ." म्हणून आम्ही धरणाकाठच्या पक्षी अभयारण्यात गेलो.

लोक दुर्बिणीतून रोहित पक्षी शोधत होते. मी मात्र काठाजवळच्या बदकांकडेच बघत राहिले. पाठीच्या पिसांत चोच खुपसून ती पाण्यावर झोपली होती, आणि मधूनच एखादं बदक डोळा किंचित उघडून पुन्हा मिटत होतं. इतकी वर्षं मीही अशीच झोपत आले होते, एक कान पलीकडच्या खोलीकडे ठेवून. आता थकवा उतरेल, असं सगळे म्हणत होते. पण तो अंगातून निघतच नव्हता.

झाडाखालच्या बाकावर टेकले आणि डोळा कधी लागला, कळलंच नाही.

गवतातून कुठलासा पक्षी कर्कश ओरडला. "आले, आई!" म्हणत मी धडपडत उठले.

ह्यांनी माझा हात धरला. "कुणी हाक नाही मारली गं," ते म्हणाले, आणि त्यांचाच आवाज फुटला.

आई गेल्यापासून आम्हा दोघांना रडायला सवडच मिळाली नव्हती. ती त्या बाकावर मिळाली.