सगळ्या गावाचं एकच पाणी

"तुमच्या रिपोर्टमध्ये पाणी चांगलं आहे, आणि माझ्यासमोर बाळ निळं पडलंय," शिरपूरचे डॉक्टर फोनवर म्हणाले. मी धुळ्याला पाणी तपासणीच्या लॅबमध्ये केमिस्ट.

खतातलं, उकिरड्यातलं नायट्रेट पाण्यात उतरतं. तान्ह्या बाळाच्या पोटात ते जास्त गेलं की रक्त प्राणवायू वाहून नेत नाही. या बाळाची आई बिचारी बोअरचं पाणी उकळून त्यात दुधाची पावडर कालवायची. उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटलं की वाढतं.

लॅबचे साहेब म्हणाले, आपला रिपोर्ट बरोबर आहे, आपण कशाला धावायचं? मी म्हटलं, बरोबर आहे म्हणूनच भीती वाटते.

बाळाच्या गावात जाऊन सरपंच आबांना विचारलं, प्रत्येक बोअरची वेगळी बाटली पाठवलीत, ती भरली कशी? आबा निवांत होते.

"बठ्ठा बोरनं पाणी एकच ड्रममा टाकं, ताई. मंग बाटल्या भऱ्यात. एकच गल्लीनं नाव कसाले खराब करानं?"

खानदेशात कानबाईच्या सणाला रोटांसाठी भाऊबंद घरोघरचे गहू एकत्र करतात, तसं यांनी सगळ्या बोअरचं पाणी एका ड्रममध्ये एकत्र केलं होतं. मनात पापही नव्हतं. रागवायचं तरी कुणावर?

बोअर पुन्हा तपासले, या वेळी स्वतः बाटल्या भरून. बाकी सगळे चांगले. उकिरड्याजवळच्या एकात नायट्रेट मर्यादेच्या कितीतरी वर. ड्रममध्ये ते सगळ्यांत विरून गेलं होतं.

आम्ही याला ॲव्हरेज म्हणतो, सरासरी. ॲव्हरेज हा शब्द अरबी व्यापाऱ्यांकडून युरोपच्या बंदरांत गेला, असं सांगतात. तेव्हा त्याचा अर्थ होता खराब झालेला माल. वादळात जहाज वाचवायला कुणाचा माल समुद्रात फेकला, तर ते नुकसान सगळ्या व्यापाऱ्यांनी वाटून घ्यायचं. त्या वाटणीतून आजचं गणित आलं. आबांना हे सांगितलं तर त्यांना फार आवडलं. म्हणाले, मग आमचं काय चुकलं?

उत्तर बाळाच्या आईनं दिलं. इंजेक्शननं पोर वाचली होती, आई तिला मांडीवर घेऊन बसली होती. आबांकडे न बघता म्हणाली, "कागदवर बठ्ठास्नी वाटी लिधं, आबा. पिधं मनी एकली पोरनी."

संध्याकाळी आबांनीच, जिचं पाणी तिची एकटी पोर प्यायली होती, त्या बोअरच्या हातपंपाचा दांडा काढून घेतला.

नुकसान वाटून घेता येतं. विष ज्याच्या पेल्यात असतं, त्यालाच प्यावं लागतं. आता कुणी सरासरी सांगितली की मी आधी विचारते, बाटली कुणी भरली?