चढावर गाडी बंद पडते तेव्हा

आमच्या समोरचे मास्तर शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. बायको जाऊन चार वर्षं झाली, लेक लांब. हल्ली सगळ्यांना ऑटोमॅटिकच हवी, त्यामुळे गिअरची गाडी शिकणारी त्यांच्याकडे एकच उरली होती, नर्सबाई. तिला लांबच्या दवाखान्यात नोकरी मिळत होती. तिथे रुग्णांच्या घरी जायला मिळणारी गाडी गिअरची, म्हणून परवाना हवाच.

"इंजिन सारखं फिरतं आणि चाकं उभी. एकदम जोडलीत तर गचका बसून गाडी बंद," मास्तर समजावत. "क्लच दाबला की मधल्या तबकड्या सुटतात. पाय हळूहळू उचललात की एकमेकींना धरतात."

"आणि ऑटोमॅटिकमध्ये?"

"समोरासमोर दोन पंखे, मध्ये तेल. एक फिरला की तेल दुसऱ्याला फिरवतं. गिअरसुद्धा गाडीच बदलते. आपण नुसतं बसायचं."

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखं!"

मास्तर खळखळून हसले. ती तासभर बोलायची, तेवढं त्यांना दिवसभर पुरायचं.

चढावर तिची गाडी कधीच बंद पडली नाही. परीक्षेत मात्र मास्तरांना खाली उतरवलं, आणि गाडी तीनदा बंद पडली. नापास.

"मास्तर, खरं सांगा. तुमच्या बाजूचा क्लच तुम्ही दाबत होतात ना?"

"हो."

"अहो, पण का?"

"गाडी बंद पडली की शिकणारा गप्प होतो, बाई. तुम्ही बोलत होतात."

ती म्हणाली, "दवाखाना माझ्यासाठी पंधरा दिवस थांबणार आहे. उद्यापासून तुम्ही पाय वर घेऊन बसायचं."

दुसऱ्या दिवशी मास्तर चपला काढून सीटवर चक्क मांडी घालून बसले. सात वेळा गाडी बंद पडली. कुणी अक्षर बोललं नाही. आठव्यांदा इंजिनाचा आवाज जडावला, बॉनेट थरथरलं.

"आता हँडब्रेक सोडा."

गाडी चढली.

ती पास झाली त्या दिवशी मास्तरांना घरापर्यंत तिनेच आणलं. वाटभर नव्या दवाखान्याबद्दल बोलत होती. दारात किल्ली त्यांच्या हातावर ठेवून "येते हं मास्तर" म्हणाली आणि भराभर निघून गेली, सामान बांधायचं होतं.

गाडी आत घ्यायला मास्तर चालकाच्या जागी बसले, तर गुडघे स्टिअरिंगला टेकले. तिने सीट पुढे ओढून घेतली होती. मागे सरकवायला त्यांचा हात खाली गेला, पण त्यांनी ती सरकवली नाही. तसेच अवघडून बसून राहिले.